अभ्यासपत्राचा हिशेब

(भागाचा मजकूर. बोलताना आलेले 'म्हणजे, म्हणजे' तेवढे काढले आहेत, बाकी जसं बोललो तसंच आहे.)

आजच्या भागात शास्त्राचा अभ्यास थोडा आणि पैशाचं बोलणं जास्त आहे. आधीच सांगून टाकतो, कारण वीस मिनिटं गोड बोलून शेवटी क्यूआर कोड दाखवायचा, हा प्रकार तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. ज्यांना नको असेल त्यांनी मागच्या महिन्याचा रूथचा भाग ऐका, तो चांगला झालाय. जे थांबतील त्यांच्यापुढे सगळे आकडे ठेवतो.

नवीन ऐकणाऱ्यांसाठी थोडक्यात. आमचं अभ्यासपत्र महिन्यातून एकदा निघतं. आठ पानं असतात. पवित्र शास्त्रातला एक भाग, त्याची पार्श्वभूमी, अडणाऱ्या शब्दांचे अर्थ आणि शेवटी सहा-सात प्रश्न, घरी किंवा तरुण संघात बसून बोलायला. पीडीएफ तुमच्या फोनवर येते, त्याचंच वाचन इथे पॉडकास्टवर येतं. आणि २४० छापील प्रती यवतमाळ, घाटंजी, पांढरकवडा, वणी, दारव्हा, पुसद या भागांतल्या घरांत जातात.

छापील कशाला, असं मला दर महिन्याला कोणीतरी विचारतं. विचारणारा बहुतेक पंचवीस वर्षांचा असतो. तर एकदा दिवाळीच्या गडबडीत अंक दहा दिवस उशिरा निघाला. पीडीएफ वाचणाऱ्यांपैकी एकानेही विचारलं नाही. घाटंजीकडच्या एका आजींनी मात्र नातवाला फोन करायला लावला आणि स्वतः बोलल्या, "काहून रे बाप्पा, या महिन्यात पत्र नाही आलं? बाया वाट पाहून राह्यल्या ना." त्यांच्याकडे शुक्रवारी दुपारी सात-आठ बाया बसतात. एकीला वाचता येतं, बाकीच्या ऐकतात आणि मग प्रश्नांवर भांडतात. आमच्या पत्राचा सर्वांत नीट वापर तिथे होतो, आणि त्यांच्यापैकी दोघींकडेच स्मार्टफोन आहे. ती आठ पानं छापायची नाहीत, तर मग मी हे काम कशाला करू?

आता हिशेब. महिन्याला छपाई आणि कागद ३,६०० रुपये. टपाल, आणि एसटीने गठ्ठे पाठवायचा खर्च मिळून १,९०० रुपये. ईमेल पाठवायची सेवा, ऑडिओ साठवायची जागा, डोमेनचं भाडं यांचा महिन्याचा वाटा १,१०० रुपये. लिहिणारे दोघे आहेत, प्रत्येकी ३,००० रुपये मानधन. बेरीज १२,६००. वर्षाचे १,५१,२००. माझं काम मांडणी, ऑडिओ आणि याद्या सांभाळायचं. त्याचे पैसे मी घेत नाही, मला नोकरी आहे.

आजवर यातले ५,२०० रुपये त्रेचाळीस जणांकडून यायचे. उरलेले ७,४०० एक कुटुंब गुपचूप देत होतं. ते काका निवृत्त झालेत, मार्चनंतर त्यांना जमणार नाही. तीन वर्षं त्यांनी हे ओढलं, एकदाही कोणाला सांगितलं नाही. म्हणजे प्रश्न सरळ आहे. महिन्याला शंभर रुपये देणारे आणखी चौऱ्याहत्तर लोक हवेत. नाही मिळाले तर एप्रिलपासून पीडीएफ आणि आवाज चालू राहील, छपाई बंद होईल आणि मानधन बंद होईल. या दोनच गोष्टी कापता येतात, बाकी खर्च किरकोळच आहे.

मानधनावर जरा थांबतो, कारण तिथेच लोकांच्या कपाळावर आठी पडते. "वचनाचं काम, त्याचे पैसे कसे काय?" लिहिणाऱ्यांतली एक नर्स आहे. रात्रपाळी करून सकाळी संदर्भ तपासते. दुसरे पाळक आहेत. मंडळी लहान, पगार लहान, तोही कधी वेळेवर, कधी नाही. म्हणून ते सकाळी शाळेची व्हॅन चालवतात आणि शनिवारी भाड्याच्या फेऱ्या करतात. आमचं मानधन सुरू झाल्यापासून ते शनिवारी गाडी काढत नाहीत, लिहायला बसतात. तीन हजारांत एका माणसाचे महिन्यातले चार शनिवार मिळतात. फरक अंकात दिसतो. जुने अंक आणि आत्ताचे अंक शेजारी ठेवून बघा.

आणि पौलाचं म्हणाल, तर या विषयावर तो आपल्यापेक्षा कितीतरी मोकळेपणाने बोललाय. करिंथकरांस पहिलं पत्र, नववा अध्याय काढा. तो विचारतो की स्वतःच्या खर्चाने सैनिकी कोण करतं, द्राक्षमळा लावून त्याचं फळ न खाणारा कोण. पूर्ण युक्तिवाद करतो की सुवार्ता सांगणाऱ्याला त्यावर जगायचा हक्क आहे. आणि मग म्हणतो, मी मात्र तुमच्याकडून हा हक्क वापरला नाही. लोक हे शेवटचं वाक्य उचलतात आणि आपल्या पाळकांना ऐकवतात. हक्क सोडायचा की नाही हे ज्याचा हक्क आहे त्याने ठरवायचं असतं, ज्याने द्यायचंय त्याने नव्हे. तंबू शिवणं पौलाने स्वतः निवडलं होतं. आमच्या पाळकांना व्हॅन आपण चालवायला लावतोय.

आता गंमत बघा. आपण ज्याला नवा करार म्हणतो, त्यातली एकवीस पुस्तकं पत्रं आहेत. आणि पत्राला तेव्हाही खर्च होता. रोमकरांस पत्र घ्या, सोळा अध्याय. ते पौलाने सांगितलं आणि हाताने लिहिलं तर्तियाने. शेवटच्या अध्यायात तो मध्येच स्वतःचा सलाम घालतो. पौल तेव्हा गायसाच्या घरी पाहुणा होता, म्हणजे राहण्या-जेवणाचं त्याने पाहिलं. पपायरस स्वस्त नव्हता. रोमी साम्राज्याची टपालव्यवस्था होती, पण ती सरकारी कामासाठी. तुमचं-माझं पत्र असेल तर त्या बाजूला जाणारा माणूस शोधावा लागे. रोमकरांचं पत्र किंख्रियाच्या फिबीने नेलं असं बहुतेक अभ्यासक मानतात, आणि ती अनेकांना मदत करणारी बाई होती हे पौल स्वतः नोंदवतो. लिहिणारा, ठेवून घेणारा, नेणारी. यातला एक जरी म्हणाला असता की पत्र तर फुकट आहे ना, तर आज आपल्या हातात ते पत्र नसतं.

फिलिप्पैकरांचं पत्र तर आणखी सरळ आहे. पौल तुरुंगात, फिलिप्पैच्या मंडळीने एपफ्रदीताच्या हाती देणगी पाठवलेली, तो वाटेत की पोचल्यावर मरणाच्या दारापर्यंत आजारी पडलेला. चौथ्या अध्यायात पौल त्या पैशांची पोच देतो. आपण त्यातली वचनं फ्रेम करून भिंतीवर लावतो. मूळ मजकूर बराचसा पावतीचा आहे!

आता आपल्या मराठीकडे येऊ. अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनने १८४२ च्या जून महिन्यात 'ज्ञानोदय' सुरू केला. बाळशास्त्री जांभेकरांचा 'दर्पण' १८३२ साली निघाला आणि आठ वर्षांत, १८४० ला बंद पडला. 'ज्ञानोदय' आजही निघतो. रेव्हरंड टिळकांसारख्या कवीने त्याच्या मराठी भागाचं संपादन केलं, पुढे त्यांचे चिरंजीव देवदत्त टिळक संपादक झाले. पण सुरुवातीची ती लांब वर्षं निघाली कशी? मागे मिशन होतं, छापखाना होता, बोस्टनहून येणारा पैसा होता. जर्मन जेझुइट फादर हेन्री डोरिंग यांनी १९०३ मध्ये नगर जिल्ह्यातल्या केंदळमधून 'निरोप्या' काढला, त्याच्याही मागे संस्था होती. मी याला नावं ठेवत नाही. त्या पैशावर मराठी गद्य वाढलं, आपल्या आज्या वाचायला शिकल्या. पण त्यातून आपल्याला एक सवय लागली, की वाचायचं आपण आणि बिल कुठूनतरी भरलं जाईल.

पंडिता रमाबाईंचं काम मला यात वेगळं वाटतं. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर एकटीने केलं, साध्या बायाबापड्यांना समजेल अशा भाषेत. देणग्या त्यांनाही बाहेरून येत, ते लपवायचं कारण नाही. पण खिळे जुळवणाऱ्या, छापणाऱ्या, बांधणी करणाऱ्या मुक्तीतल्याच बाया होत्या, दुष्काळातून वाचवून आणलेल्या. रमाबाई १९२२ च्या एप्रिलमध्ये गेल्या, पूर्ण बायबल १९२४ ला बाहेर आलं. ज्यांनी वाचायचं त्यांचेच हात कामाला लागले होते. वसईची 'सुवार्ता' बघा, १९५५ पासून. फादर फ्रान्सिस दिब्रिटो तिथे १९८३ ते २००७ संपादक होते, आणि तेच पुढे उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्या मासिकामागे वसईच्या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती घरांची वर्गणी आहे. वसई आणि यवतमाळ यांची तुलना होत नाही हे कबूल. तिथे वस्ती दाट आहे, जमिनीला भाव आहे. पण मराठीत हे घडलंय एवढं तरी त्यातून दिसतं.

आणि यवतमाळला शास्त्राचा अभ्यास नवा नाही बरं का. फ्री मेथडिस्ट मिशनचं काम इथे जुनं आहे, उमरीचा दवाखाना तुमच्यापैकी कित्येकांना माहीत असेल. १९५३ मध्ये युनियन बिब्लिकल सेमिनरी इथे उभी राहिली. भारतभरातून मुलं शिकायला यवतमाळला यायची. शिक्षण इंग्रजीत, पाठबळ मिशनांचं. १९८३ ला सेमिनरी पुण्याला गेली. त्यांची कारणं त्यांच्यापाशी. मला एवढंच दिसतं की तीस वर्षं आपल्या गावात इतकं मोठं विद्यालय होतं, आणि ते गेल्यावर मराठीतून घरी बसून अभ्यास करायला आपल्या हाती फार काही उरलं नाही. ज्याचा खर्च आपण उचललेला नसतो, ते राहणार की जाणार हे ठरवताना आपल्याला कोणी विचारत नाही.

यावर लगेच कोणीतरी म्हणेल, अरे माझी मावशी अमेरिकेत आहे, तिला सांगतो, एका झटक्यात वर्षाचं काम होईल. प्रेमाने म्हणता, कळतं. पण नको. यात कायदा आहे, तो नीट समजून घ्या. परदेशी देणगीसाठी २०१० चा एफसीआरए कायदा आहे. नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय धार्मिक कामासाठी परदेशी देणगी घेता येत नाही, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर नोंदणी असलेल्यांनाही ती दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावी लागते. आमची तशी नोंदणी नाही. इथे पासपोर्ट महत्त्वाचा. मावशीचा पासपोर्ट अजून भारतीय असेल आणि तिने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पैसे दिले, तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. पण तिने अमेरिकन नागरिकत्व घेतलं असेल, तर ओसीआय कार्ड असलं तरी ती परदेशी देणगीच. तेव्हा मावशीला पीडीएफ पाठवा, सलाम सांगा, पैसे मागू नका.

दुसरा प्रश्न, ८०जीची पावती मिळेल का? नाही. पैसे एका मंडळीच्या नोंदणीकृत ट्रस्टच्या खात्यात येतात, तिथे पावती मिळते, हिशेब तपासला जातो. पण धार्मिक कामावर उत्पन्नाच्या पाच टक्क्यांपेक्षा जास्त खर्च करणाऱ्या ट्रस्टला ८०जीची सवलत नसते, आणि आमचं तर सगळं कामच धार्मिक आहे. कोणी धार्मिक कामासाठी म्हणून मागून वर करसवलतीचं आमिष दाखवत असेल, तर कागद मागा.

माझ्या वैयक्तिक यूपीआयवर कोणी पाठवू नका. पाठवलेत तर परत करीन. करिंथकरांस दुसरं पत्र, आठवा अध्याय बघा. यरुशलेमेच्या गरिबांसाठी गोळा केलेली रक्कम न्यायला पौल तीताबरोबर आणखी दोन भाऊ पाठवतो. पैसा मोठा आहे, कोणी बोट दाखवायला नको, असं कारणही देतो. प्रेषितावर कोण संशय घेणार होतं? तरी तिघे पाठवले. आमच्याकडेही खात्यावर दोन सह्या लागतात, त्यातली एकही माझी नाही. दर महिन्याच्या अंकात शेवटच्या पानावर जमा-खर्च छापतो. तो वाचा आणि चूक दिसली तर सांगा.

एक प्रसंग सांगतो, नाव न घेता. एका गृहस्थांनी दरमहा दहा हजार देऊ केले होते. अट छोटीशीच होती. शेवटच्या पानावर त्यांच्या सभांचे फोटो, आणि वर्षातून एकदा 'बी पेरा, शंभरपट घ्या' यावर एक अंक. आम्ही चौघे बसलो, चहा झाला, नाही म्हणून कळवलं. निर्णयाला दहा मिनिटंही लागली नाहीत, पण त्याच संध्याकाळी छपाईचं बिल कसं द्यायचं यावर दोन तास गेले. शंभर-शंभर रुपये देणारे एकशे सव्वीस लोक असतील, तर त्यातला कोणी एक रागावून निघून गेला तरी पत्र बदलावं लागत नाही. दहा हजारवाला निघून गेला की बदलावं लागतं, आणि तो जाईल या भीतीने ते आधीच बदलतं.

आणि ते बी पेरायचं बोलणं निदान आपल्या जिल्ह्यात तरी कोणी करू नये. इथे कापूस पेरणाऱ्याला विचारा. २०१७ ला गुलाबी बोंडअळी आली तेव्हा बियाणं महागाचं होतं, मेहनत पूर्ण होती, आणि बोंडं आतून पोखरलेली निघाली. त्याला स्टेजवरून सांगता, की पाचशे रुपयांचं बी टाक, पन्नास हजार येतील? आम्ही असं काही सांगत नाही. शंभर रुपये दिलेत तर शंभर रुपये जातील. त्यातून साधारण साडेसहा छापील प्रती निघतात, किंवा पाळकांच्या एका शनिवाराचा आठवा भाग. आशीर्वाद देणं आमच्या हातात नाही.

यावरूनच पुढचं. ज्याच्या घरी पीककर्ज थकलंय, ज्याची फी भरायची राहिली आहे, ज्याची अजून नोकरी लागली नाही, त्याने एक रुपया देऊ नये. गंभीरपणे सांगतोय. विधवेच्या दोन टोल्यांची गोष्ट आपण देणगीच्या रविवारी ऐकतो, पण मार्कात तिच्या लगेच आधी विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांबद्दल येशू काय बोलतो, तेही वाचा. बाराव्या अध्यायात दोन्ही गोष्टी शेजारी आहेत. मला तिचं उदाहरण देऊन पैसे मागायला लाज वाटते. हे मागणं ज्यांचा पगार एक तारखेला खात्यात येतो त्यांच्याकडे आहे. पुण्यात, हैदराबादला, नागपूरला बसून हे ऐकणारे, माझ्यासारखे. महिन्याला ओटीटीवर जेवढं जातं त्यातलं एक बंद करा असंही मी म्हणणार नाही, सिनेमे मीही बघतो. दोन्ही ठेवा.

पगार नाही पण द्यायचंच आहे, अशांसाठी आपल्याकडे जुनी रीत आहेच. कापणीच्या सणाला देवळात काय येतं आठवा. तूर, ज्वारी, कापसाची पिशवी, एखादा कोंबडा, आणि उपासनेनंतर लिलाव, ज्यात पाच रुपयांची कोथिंबीर दोनशेला जाते. मिझोरममध्ये बायकांनी १९१० च्या सुमारास सुरू केलेली पद्धत अजून चालते. स्वयंपाकाचे तांदूळ घेताना एक मूठ बाजूला काढायची, ती मंडळीत द्यायची. त्या मुठींमधून तिथली मंडळी दर वर्षी कोट्यवधी रुपये उभे करते आणि आपले सेवक स्वतः पोसते. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सोळाव्या अध्यायात पौलही हेच सुचवतो, दर आठवड्याला थोडं बाजूला ठेवा, मी आल्यावर धावपळ नको. घाटंजीच्या त्या शुक्रवारच्या बायांनी गेल्या हंगामात तुरीची डाळ जमवून विकली आणि ६४० रुपये पाठवले. आम्ही मागितले नव्हते.

आता काम. या भागाच्या खाली ट्रस्टच्या खात्याचा तपशील आहे. यूपीआय ऑटोपे लावायचं तर शंभरचंच लावा. जास्त लावून तीन महिन्यांनी बंद करण्यापेक्षा ते बरं. कधीही बंद करता येतं, कारण विचारायला कोणी फोन करणार नाही. पैसे पाठवताना शेऱ्यात 'अभ्यासपत्र' लिहा, नाहीतर खजिनदार ते छपराच्या दुरुस्तीत धरतात. पैसे नाहीत आणि अक्षरांवर नजर चांगली आहे, तर मुद्रितशोधन करून द्या. वणी आणि उमरखेडकडे गठ्ठा पोचवणारं कोणी नाही, तिकडे नेहमी जाणारे असाल तर कळवा. चौऱ्याहत्तर झाले की मी इथेच सांगीन आणि मागणं थांबवीन. मार्चच्या शेवटच्या भागात आकडा वाचून दाखवतो, जो असेल तो.

पुढच्या महिन्यात फिलेमोनाला पत्र घेतोय. पंचवीसच वचनं आहेत, बसमध्ये एका बैठकीत वाचून होतात. अठराव्या वचनापाशी जरा थांबा. तिथे पौल दुसऱ्याचं देणं स्वतःच्या खात्यावर लिहायला सांगतो, आणि आमच्या पाळकांनी त्यावर दोन शनिवार घालवलेत. सलाम.